सा कुणीतरी लावेलच

जॅझ वाजवणाऱ्या चौघांना एका खोलीत बसवून 'ऑल ऑफ मी' या गाण्याचे कॉर्ड, म्हणजे चालीखाली एकदम वाजवायचे सुरांचे जुडगे, विचारले, तर पाच उत्तरं येतात. पाचवं उत्तरही त्या चौघांतल्याच एकाचं असतं. तेवढ्यात त्याचं मत बदललेलं असतं. १९३१ साली गेराल्ड मार्क्स आणि सीमूर सायमन्स या जोडीने हे गाणं केलं, तेव्हा कॉर्डही छापून दिले होते. पण जॅझमध्ये मूळ संगीतकाराचं मत हे अनेक मतांपैकी एक धरतात, आणि तो तालमीला येत नसल्यामुळे ते सहसा मोजत नाहीत.

ज्यांना 'जॅझ स्टँडर्ड' म्हणतात, त्या गाण्यांची जन्मकथा मराठी माणसाला परकी वाटू नये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीत नाटकं धडाधड यायची आणि त्यातली बरीचशी तितक्याच वेगाने पडायची. नाटक पडलं तरी पद मात्र टिकायचं. जेरोम कर्न यांचं 'ऑल द थिंग्ज यू आर' हे १९३९ च्या 'व्हेरी वॉर्म फॉर मे' या नाटकातलं. नाटकाचे साठ प्रयोगही झाले नाहीत. गाणं अजून थांबायला तयार नाही. नाट्यपदांच्या मैफलींवर वाढलेल्या आपल्याला याचं नवल नको. पण पुढची गंमत वेगळी आहे. जॅझवाले चाल एकदा सुरुवातीला वाजवतात, एकदा शेवटी वाजवतात आणि मधला सगळा वेळ त्या चालीखालच्या कॉर्डच्या रांगेवर ज्याला जे सुचेल ते वाजवत बसतात. म्हणजे गाण्याचं नाव चालीमुळे, आणि पोट मात्र कॉर्डवर.

कायद्याचाही याला हातभार लागला. चालीवर मालकी हक्क सांगता येतो, नुसत्या कॉर्डच्या क्रमावर सहसा येत नाही. १९४० च्या दशकात बीबॉप या नव्या ढंगाच्या जॅझवाल्यांनी हे अचूक हेरलं. जॉर्ज गर्श्विनच्या 'आय गॉट रिदम'ची चाल त्यांनी बाजूला ठेवली, कॉर्ड उचलले आणि वर आपली चाल बसवली. 'अँथ्रोपॉलॉजी' त्यातूनच आलं, पुढे सोनी रोलिन्सचं 'ऑलिओ'ही. 'हाउ हाय द मून'वर असाच हात मारून 'ऑर्निथॉलॉजी' झालं. मानववंशशास्त्र आणि पक्षिशास्त्र ही नावं ऐकून काही व्यासंगाचं चाललंय असं वाटतं. निम्मा मामला रॉयल्टीचा होता.

मग हे कॉर्ड लिहिलेले असतात तरी कुठे? तर 'द रिअल बुक' नावाच्या ग्रंथात. १९७० च्या दशकाच्या मध्याला बोस्टनच्या बर्कली कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी रेकॉर्ड ऐकून ऐकून शेकडो गाणी हाताने उतरवली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या, आणि संगीतकारांना एक छदामही न देता तो गठ्ठा हातोहात विकला. दुकानदार हे पुस्तक काउंटरवर ठेवत नसत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला काउंटरखालून काढून देत. २००४ साली हॅल लिओनार्ड या प्रकाशकाने रीतसर परवानग्या घेऊन ते छापलं आणि त्यावर लिहिलं, 'सहावी आवृत्ती'. आधीच्या पाचही चोरीच्या! चोरांनी लावलेला क्रमांक सावकाराने इतक्या अदबीने पुढे चालवल्याचं उदाहरण प्रकाशनव्यवसायात दुसरं सापडायचं नाही. त्या हस्तलिखितात कॉर्डच्या चुका भरपूर होत्या. पण दोन-तीन पिढ्या त्याच चुका पाठ करून मोठ्या झाल्या, त्यामुळे आज एखाद्याने मूळ छापील कॉर्ड वाजवला, तर बाकीचे त्याच्याकडे 'बिचारा, घरी पुस्तक नसेल' अशा नजरेने बघतात.

या वादात सगळ्यांच्या मागून, आणि सगळ्यांत कमी सामान घेऊन, येतो तो मँडोलिनवाला.

मँडोलिनला तारा आठ. पण त्या जोडीजोडीने एकाच सुरात लावलेल्या असतात, म्हणजे खरे सूर चारच: जी, डी, ए, ई. अगदी व्हायोलिनसारखे. पियानोवाल्याकडे ८८ पट्ट्या आणि दहा बोटं, गिटारवाल्याकडे सहा तारा. जॅझच्या कॉर्डमध्ये मात्र माणसं वाढतच जातात. साध्या कॉर्डला सूर तीन, सेव्हन्थला चार, नाइन्थला पाच, आणि थर्टीन्थ म्हटला की पुस्तकी हिशेबाने सातच्या सात. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो, ते आपण खपवून घेतो. इथे चौघांच्या बाकावर सातजण 'जरा सरका' म्हणत उभे असतात. शिवाय डाव्या हाताची बोटं चारच आणि पडदे इतके चिकटून, की चारही जोड्या दाबायला गेलं तर बोटं एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणून जाणते वादक बहुतेक वेळा तीनच सूर घेतात. साताचे तीन करायचे म्हणजे चौघांना खाली उतरवणं आलं. कुणाला?

पहिला उतरतो पंचम. तो सज्जन आहे, पण कॉर्डच्या रंगात त्याने फारसा फरक पडत नाही. आणि दुसरा उतरतो, इथे जरा मन घट्ट करून वाचा, षड्ज. कॉर्डचा स्वतःचा, हक्काचा, ज्याच्या नावाने कॉर्ड ओळखला जातो तो षड्ज. कारण काय, तर तो बेसवाला वाजवतोच आहे, आपण कशाला? उरतात गंधार आणि निषाद. गंधारावरून कॉर्ड हसरा की रडवेला ते कळतं, निषादावरून तो इथे मुक्काम करणार की पुढची गाडी पकडणार ते कळतं. या दोघांच्या सोबतीला शोभेचा एखादा सूर घेतला की मँडोलिनवाल्याचा कॉर्ड तयार.

आता आपला तानपुरा आठवा. त्यालाही तारा चार. पहिली पंचमात, उरलेल्या तिन्ही षड्जात. म्हणजे तानपुऱ्याच्या चार तारांत जे भरलेलं असतं, नेमकं तेच मँडोलिनच्या चार जोड्यांतून वेचून बाहेर काढायचं. ज्या सुरावर बसायला जन्म जातो असं लहानपणापासून ऐकलं, तो इथे पहिल्याच धड्यात 'अनावश्यक' म्हणून खोडलेला. घराण्यांचे वाद आपण पुष्कळ ऐकले, पण सा नको म्हणणारं घराणं हे पहिलंच.

हे प्रत्यक्ष बोटांवर कसं घडतं ते बघू. जॅझमध्ये 'टू-फाइव्ह-वन' नावाचा तीन कॉर्डचा प्रवास असतो. स्टँडर्ड कुठलंही उघडा, दर चार पावलांवर तो भेटतोच. पांढरी एक ही पट्टी धरली तर पहिला कॉर्ड रेचा, म्हणजे रे, म, ध, सा. दुसरा पंचमाचा: प, नी, रे, म. तिसरा घरचा, साचा: सा, ग, प, नी. पियानोवर हे करताना हात इकडून तिकडे जातात, खांदे हलतात, डोळे मिटतात. मँडोलिनवर जाड जीच्या जोडीवर पाचव्या पडद्यावर एक बोट ठेवायचं, डीच्या जोडीवर तिसऱ्या पडद्यावर दुसरं, आणि एची जोडी मोकळी सोडायची. सा, म, ध. झाला पहिला कॉर्ड. आता जीवरचं बोट एक पडदा खाली आणा: नी, म, ध. झाला दुसरा. मग डीवरचं बोट एक पडदा खाली आणा: नी, ग, ध. आलं घर. दोन बोटं, एकेक पडदा. तिकडे बसलेल्या श्रोत्याला वाटतं की काही हललंच नाही, आणि ते बव्हंशी खरंही असतं.

पण नीट बघा काय झालं ते. रेच्या कॉर्डमध्ये रे नव्हता. पंचमाच्या कॉर्डमध्ये पंचम नव्हता. साच्या कॉर्डमध्ये सा नव्हता. सा एकदाच भेटला, तोही रेच्या कॉर्डमध्ये पाहुणा म्हणून. ज्या क्षणी आपण त्याच्या घरी पोचलो, त्याच्या आधीच तो निघून गेला होता.

आमच्या सोसायटीत भजनाला पेटी वाजवणारे एक काका आहेत. त्यांना हे तीन कॉर्ड ऐकवले. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "छान. पण सा कुठाय?"

"तो बेसवाला लावतो, काका."

"आणि बेसवाला कुठाय?"

"तो गुरुवारी येतो."

"मग गुरुवारपर्यंत हे असं लोंबकळतच ठेवायचं का हो?"

एवढं बोलून त्यांनी पेटी पुढे ओढली आणि प्रत्येक कॉर्डखाली त्याचा त्याचा सूर धरला: रे, प, सा. माझे ते तीन बेवारशी सूर एकदम खानदानी वाटायला लागले. काका म्हणाले, "बघा, आम्ही नुसतं एक बोट ठेवलं तर तुमचं इतकं सुधारलं." जॅझमधल्या बेसवादनाची याहून नेमकी व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

या षड्जत्यागाचे फायदेही आहेत, आणि ते मँडोलिनवाले सहसा सांगत नाहीत. आपल्या दुसऱ्या कॉर्डमधला नी आणि म घ्या. पंचमाच्या कॉर्डमध्ये नी हा गंधाराचं काम करतो आणि म निषादाचं. तेच दोन सूर कोमल रेच्या सेव्हन्थ कॉर्डमध्येही असतात. फक्त तिथे कामांची अदलाबदल होते, म गंधार होतो आणि नी निषाद. म्हणून जॅझवाले पंचमाच्या जागी खुशाल कोमल रेचा कॉर्ड घालतात आणि त्याला 'ट्रायटोन सब्स्टिट्यूशन' असं भारदस्त नाव देतात. पियानोवाले आणि गिटारवाले त्यासाठी महिनोन्महिने घाम गाळतात. मँडोलिनवाल्याचं काय? त्याने षड्ज आधीच सोडलेला. बोटं नी आणि मवर जशीच्या तशी. बेसवाल्याने प वाजवला तर तो जी सेव्हन्थ, कोमल रे वाजवला तर डी फ्लॅट सेव्हन्थ. कार्यक्रमानंतर कुणी जाणकार येऊन म्हणतो, "ते सब्स्टिट्यूशन काय सुरेख घेतलंत हो!" अशा वेळी नजर खाली ठेवून "सुचलं" एवढंच म्हणायचं. बेसवाला तेव्हा वाद्याला खोळ घालत असतो, त्याला ऐकू येत नाही.

डिमिनिश्ड कॉर्ड तर याहून उदार. त्याचे चारही सूर एकमेकांपासून सारख्याच अंतरावर, त्यामुळे चौघांपैकी कुणालाही मालक म्हणा, कॉर्डची हरकत नसते. बाराही सुरांचे मिळून हे कॉर्ड खरे तीनच. घाबरल्यासारखं वाटलं तर आकार तसाच ठेवून तीन पडदे वर सरकायचं. तोच कॉर्ड परत येतो आणि समोरच्याला वाटतं याला बरंच येतंय.

हिशेब चुकतो तो पट्टीपाशी. मँडोलिनला मोकळ्या तारा वाजतील अशा पट्ट्या मानवतात: जी, डी, ए. स्टँडर्डवर राज्य ट्रंपेट आणि सॅक्सोफोनवाल्यांचं, आणि त्यांची वाद्यंच मुळात बी फ्लॅट आणि ई फ्लॅटमधली. त्यामुळे गाणी फ्लॅट पट्ट्यांत. जॉनी ग्रीनचं 'बॉडी अँड सोल' घ्या, १९३० चं. १९३९ मध्ये कोलमन हॉकिन्सने सॅक्सोफोनवर वाजवून ते अजरामर केलं. ते असतं डी फ्लॅटमध्ये. आपल्या भाषेत काळी एक. पेटीवाल्या काकांना नाव सांगितलं तर ते म्हणतील, "काळी एक ना? मग काय, घरचीच पट्टी." आणि मँडोलिनवाला? त्याच्या चार मोकळ्या तारा म्हणजे जी, डी, ए, ई. डी फ्लॅटच्या सप्तकात या चौघांपैकी एकालाही प्रवेश नाही. एकालाही! वाद्य बनवणाऱ्याने आणि संगीतकाराने ठरवून केलं असतं तरी इतकं जमलं नसतं. मधल्या अंतऱ्यात गाणं अचानक अर्धा सूर वर सरकून डीमध्ये जातं, तेव्हा चारही तारा एकदम पात्र ठरतात. पण त्याच घाईत पट्टी पुन्हा बदलते आणि काळी एक परत येते.

त्यातून मँडोलिनचा आवाज टिकत नाही. पिकने तार छेडली की सूर चमकतो आणि पुढची मात्रा यायच्या आत विरून जातो. संथ गाण्यात एक कॉर्ड चार मात्रा चालायचा असेल, तर पियानोवाला एकदा दाबून खिडकीबाहेर बघू शकतो. मँडोलिनवाल्याला तेवढ्या वेळात काहीतरी करून दाखवावं लागतं. मग तो मधे एखादा कॉर्ड घालतो, मग आणखी एक, मग त्या दोघांना जोडणारा तिसरा. समीक्षक याला समृद्ध हार्मनी म्हणतात. खरं कारण एवढंच, की शांतता पसरली तर लोक टाळ्या वाजवून मोकळे होतील.

या वाद्यावर जॅझचे कॉर्ड कसे वाजवावेत हे जगाला ज्याने शिकवलं, तो माणूस पेशाने विदूषक होता, हेही किती योग्य! टेनेसी राज्यात १९२० साली जन्मलेला केनेथ बर्न्स, रंगमंचावरचं नाव जेथ्रो. हेन्री हेन्सबरोबर त्याची 'होमर अँड जेथ्रो' ही जोडी होती. गावंढळ सोंग घेऊन लोकप्रिय गाण्यांची टिंगल करायची, हा त्यांचा धंदा; त्यासाठी १९५९ साली ग्रॅमीही मिळाला. टिंगल चालू असताना मँडोलिनवर मात्र जे वाजे ते अस्सल जॅझ, तीन-तीन सुरांचे कॉर्ड एकामागून एक घरंगळत आल्यासारखे. सुप्रसिद्ध गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स हा त्याचा साडू, दोघांच्या बायका जुळ्या बहिणी. सणाला सासरी जमल्यावर कॉर्डवरून काय काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी. सासऱ्याने जावयांचं कौतुक करायचं म्हटलं तरी कुणाचा कॉर्ड बरोबर ते आधी ठरवावं लागलं असणार.

कमी वाजवण्यात त्याच्याही पुढे गेलेला एक गिटारवाला होता, फ्रेडी ग्रीन. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात तो १९३७ मध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं, दर मात्रेला एक कॉर्ड. त्याच्या कॉर्डमध्ये पुष्कळदा ऐकू येणारा सूर एकच असे. बाकीच्या तारांवर बोटं नुसती टेकलेली. सहा तारा जवळ बाळगून एक वाजवायची, याला संयम म्हणतात. मँडोलिनवाल्याने चारांतल्या तीन वाजवल्या तर त्याला मात्र 'एवढंच येतं का?' असं विचारतात.

आपल्याकडे जॅझ आणि मँडोलिन दोन्ही आले, पण वेगवेगळ्या दारांनी. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवत होते. नोटेशन वाचणाऱ्या गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत नेलं. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत खणखणणारा ट्रंपेट चिक चॉकलेट यांचा, म्हणजे गोव्याच्या अँतोनियो झेवियर वाझ यांचा. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर रागातल्या चालीखाली कॉर्ड बसवायचे. तिथेही पेच हाच: कुठला सूर ठेवला तर राग दुखावेल आणि कुठला काढला तर कॉर्ड. मँडोलिन मात्र आपल्याकडे गायकी अंगाने गेलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यातले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादक. आणि सज्जाद हुसेन यांनी तर पडद्यांच्या या वाद्यावर चक्क राग वाजवून कॉर्डचा प्रश्नच निकालात काढला. मत्सर वाटावा असा उपाय आहे, पण त्यासाठी आधी सज्जाद हुसेन असावं लागतं.

आपण सज्जाद हुसेन नसल्यामुळे आपल्याला तालमीला जावं लागतं. तिथे माणसं ठरलेली. एक पुस्तकवाला, टॅबलेटवर 'रिअल बुक' उघडून बसलेला. त्याच्या मते जे पानावर नाही ते अस्तित्वातच नाही. दुसरा रेकॉर्डवाला. 'ऑटम लीव्ह्ज' म्हटलं की तो १९५८ ची कॅननबॉल अ‍ॅडर्लीची रेकॉर्ड काढतो, त्यात माइल्स डेव्हिसच्या मागे काय वाजलंय ते ऐकवतो, आणि "हे असं" म्हणून गप्प बसतो. तो जी मायनर म्हणतो, तोवर पुस्तकवाल्याने ई मायनर सुरू केलेलं असतं. तिसरा बदलवाला. त्याने कधीतरी सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स' ऐकलेलं असतं. त्या रेकॉर्डवर टॉमी फ्लॅनगनसारख्या पट्टीच्या पियानोवाल्याची कॉर्ड गाठताना दमछाक झालेली स्पष्ट ऐकू येते; यावरून बोध घेण्याऐवजी याने प्रेरणा घेतलेली असते. तो एका कॉर्डच्या जागी तीन घालतो, त्या तिघांच्या जागी आणखी काही, आणि शेवटी गाणं कुठलं होतं हे मध्यंतरात विचारावं लागतं. चौथी गायिका. तिचं कॉर्डविषयी काहीच म्हणणं नसतं. ती फक्त एवढंच म्हणते, "अर्धा सूर वर घ्याल का? मला बरं पडेल." आणि बाकीच्या तिघांचा तासाभराचा वाद एका वाक्यात रद्द होतो.

या सगळ्यांत मँडोलिनवाल्याने कॉर्ड निवडायचे कसे? तर खोलीत कोण आहे ते बघून. पियानो, गिटार, बेस तिघेही असतील तर कॉर्ड वाजवूच नयेत. चाल वाजवावी आणि उरलेल्या वेळात समंजस चेहरा करावा. गिटार आणि बेस असेल तर दोन सूर पुरे, गंधार आणि निषाद. एकटा बेस असेल तर तीन. कुणीच नसेल तर जाड जीच्या जोडीवर सा शोधत फिरावं लागतं, आणि तो सापडेपर्यंत कॉर्ड बदललेला असतो. गाणं एकच, वही एकच, पण सोबत बदलली की कॉर्ड बदलले. मँडोलिनवर हार्मनीचा निम्मा अभ्यास म्हणजे बाकीचे काय वाजवणार आहेत याचा अंदाज, आणि उरलेला निम्मा म्हणजे ते नक्की येणार आहेत ना, याची फोनवरून खातरजमा.

म्हणून नवशिक्या मँडोलिनवाल्याला माझा एकच सल्ला. स्टँडर्ड निवडण्याआधी बेसवाला निवडावा. त्याच्याशी कॉर्डवरून वाद घालू नये. त्याचं ते धूड रिक्षात मावत नाही, तेव्हा टेम्पोचं अर्धं भाडं न कुरकुरता द्यावं. सा त्याच्याकडे असतो; आपल्याकडे फक्त मत असतं.